रंगाची एक रेघ

(पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या एका तंत्रज्ञाने सातारा जिल्ह्यातील पठारावरच्या एका शाळेत मुलांपुढे केलेले हे भाषण आहे.)



जत्रेतून आणलेले भिरभिरे तुमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी हातात धरले असेल. वारा आला की ते गरगर फिरते, वारा पडला की थांबते. त्याचा कागद फाटला किंवा काडीवरची टाचणी निघाली, की आपण ते टाकून देतो आणि पुढच्या जत्रेची वाट पाहतो. आज मी तुम्हांला फार मोठ्या भिरभिऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. ती फाटली म्हणून टाकून देता येत नाहीत आणि पुढच्या जत्रेत नवी मिळतही नाहीत.

तुमच्या या पठारावर अशी भिरभिरी तुम्ही रोज पाहता. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या भागांत गेली कित्येक वर्षे पवनचक्क्या उभ्या आहेत. तुम्ही त्या खालून पाहता. मी त्या वरून आणि आतून पाहतो, कारण त्यांची देखभाल करणे हेच माझे काम आहे. पण आजच्या गोष्टीची सुरुवात मी येथून नव्हे, तर दूर जपानमधून करणार आहे.

काही वर्षांपूर्वी कामाच्या निमित्ताने मला जपानची राजधानी तोक्यो येथे जाण्याची संधी मिळाली. या विशाल शहराचे अनेक विभाग आहेत. त्यांपैकी एका विभागाचे नाव कोतो. कोतो म्हणजे नदीच्या पूर्वेकडचा. सुमिदा नदीच्या पूर्वेला हा भाग वसला आहे. त्याच्या दक्षिणेला समुद्र आहे. सुमारे पाच लाख माणसे तेथे राहतात.

एके दिवशी सुट्टी होती, म्हणून मी कोतोमधल्या वाकासू नावाच्या ठिकाणी गेलो. समुद्राच्या काठी मोठी बाग होती. कोणी गळ टाकून माशांची वाट पाहत बसले होते. कोणी सायकली चालवत होते. लहान मुले हिरवळीवर पळत होती. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर, झाडांच्या कितीतरी वर, एक पांढरी पवनचक्की संथपणे फिरत होती. ही पवनचक्की २००४ साली उभी राहिली. पुरेसा वारा असेल तेव्हा १९५० किलोवॅट वीज देण्याची तिची ताकद! म्हणजे एक किलोवॅटची एक, अशा १९५० इस्त्र्या एकाच वेळी तापवता येतील, एवढी वीज.

जपानी भाषेत भिरभिऱ्याला 'काझागुरुमा' म्हणतात. 'काझे' म्हणजे वारा आणि 'कुरुमा' म्हणजे चाक. तोक्योच्या समुद्रकाठी २००३ साली ज्या दोन पवनचक्क्या सुरू झाल्या, त्यांचे नावच मुळी 'तोक्यो काझागुरुमा' असे ठेवले होते. भिरभिरे आपल्याला आवडते, तसेच ते जपानी मुलांनाही आवडते.

माझ्याबरोबर एक वयस्कर जपानी गृहस्थ होते. त्यांनी मला विचारले, ''आपण कशावर उभे आहोत, ठाऊक आहे का?''

मी खाली पाहिले. ''गवतावर,'' मी म्हणालो.

ते हसले आणि म्हणाले, ''कचऱ्यावर!''

मला ते खरे वाटेना. मग त्यांनी मला त्या जमिनीची हकिगत सांगितली. तोक्यो शहर झपाट्याने वाढले, तसा तेथील कचराही वाढला. तो टाकायला जागा उरली नाही. मग शहराने कचऱ्याने समुद्रच भरून काढायला सुरुवात केली. कोतोच्या काठी 'युमेनोशिमा' नावाची जागा होती. या नावाचा अर्थ 'स्वप्नांचे बेट' असा आहे. पण १९५७ सालापासून तेथे कचऱ्याचे डोंगर उभे राहू लागले. १९६५ च्या उन्हाळ्यात तेथून माश्यांचे थवेच्या थवे उठले आणि कोतोमधल्या घरांत शिरले. लोक हैराण झाले. त्याच वर्षापासून वाकासूच्या जागीही कचरा पडू लागला, तो १९७४ पर्यंत पडत राहिला.

सगळ्या शहराने कचरा करायचा आणि आम्ही एकट्यांनी त्याचा त्रास सोसायचा, हा न्याय नव्हे, असे कोतोचे लोक म्हणू लागले. कचऱ्याच्या गाड्या त्यांच्याच रस्त्यांवरून जात. अखेर १९७१ साली तोक्योच्या राज्यपालांनी 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' जाहीर केले. ज्याने त्याने आपल्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी, हा विचार पुढे आला. पुढे त्या कचऱ्यावर माती पसरली, झाडे लावली, बागा फुलवल्या. ज्या वाकासूत एके काळी नाक दाबून उभे राहावे लागले असते, तेथे आज मुले खेळतात.

हे ऐकल्यावर मी पुन्हा वर पाहिले. चक्की फिरतच होती. माझ्या मनात आले, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंची ही जमीन बनली. तिच्यावर उभी असलेली ही चक्कीही एक दिवस जुनी होईल. मग तिलाही टाकूनच द्यायचे का?

मुलांनो, हा प्रश्न साधा नाही. पवनचक्कीचा मनोरा बहुधा पोलादाचा असतो. तो वितळवून त्याचे पोलाद पुन्हा वापरता येते. पण तिची लांबलचक पाती काचेच्या बारीक तंतूंची आणि चिकट राळेची बनवलेली असतात. ती हलकी आणि मजबूत असतात खरी, पण एकदा घट्ट झालेले ते मिश्रण पुन्हा वेगळे करणे फार अवघड असते. म्हणून चक्की जितकी जास्त वर्षे चांगली चालेल, तितका कचरा उशिरा होईल आणि तितकी जास्त वीज मिळेल.

पवनचक्की बनवताना तंत्रज्ञ साधारणपणे वीस वर्षांच्या आयुष्याचा हिशोब धरतात. वाकासूच्या चक्कीपुरते बोलायचे, तर हा काळ २०२४ साली पुरा झाला. वीसच वर्षे का, असे तुम्ही विचाराल. चला, एक गणित करू. समजा, एक चक्की मिनिटाला १५ फेरे घेते. म्हणजे तासाला झाले ९००. वर्षाकाठी ती ६००० तास फिरली, तर ५४ लाख फेरे होतील. आणि वीस वर्षांत? १० कोटी ८० लाख! प्रत्येक फेऱ्यात पाती थोडी वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. मनोराही किंचित डोलतो.

एक पातळ तार घ्या. ती एकदा वाकवली तर तुटत नाही. दहा वेळा वाकवली तरी कदाचित तुटणार नाही. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवत राहिलात, तर शेवटी ती कट्कन तुटते. धातू असा थकतो. माणूस थकला तर झोपून ताजातवाना होतो. धातूला तसे करता येत नाही. तो आपला थकवा साठवून ठेवतो. प्रथम केसाएवढी भेग पडते. मग ती हळूहळू वाढते.

शिवाय चक्कीला शत्रूही पुष्कळ. मोठ्या चक्कीच्या पात्याचे टोक ताशी २०० किलोमीटरपेक्षाही जास्त वेगाने हवा कापत जाते. त्या वेगाने पावसाचा थेंब लागला, तर तो वाळूच्या खड्यासारखा घासतो. अशा असंख्य थेंबांनी पात्याची कड खरखरीत होते. समुद्रकाठच्या वाऱ्यात मीठ असते, त्याने लोखंड गंजते. आकाशातून वीज कोसळते. जपानमध्ये दरवर्षी मोठी वादळेही येतात.

मग या सगळ्यांपासून चक्कीला कसे सांभाळायचे? बैलगाडीच्या आसाला शेतकरी वंगण घालतो, हे तुम्ही ऐकले असेल. चक्कीच्या फिरणाऱ्या भागांनाही आम्ही वंगण घालतो. अनेक चक्क्यांच्या माथ्यावर दातेरी चाकांची एक मोठी पेटी असते. तिच्यातले थोडे तेल काढून ते तपासतात. त्यात लोखंडाचे बारीक कण वाढलेले दिसले, तर समजावे की आत काहीतरी झिजते आहे. डॉक्टर रक्त तपासतात, तसेच हे. डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकतात, तशी चक्कीची थरथर मोजणारी यंत्रे असतात. नेहमीपेक्षा वेगळी थरथर झाली, की ती आधीच सावध करतात. काही माणसे दोराला लटकून पात्यांची पाहणी करतात. कड झिजली असेल, तर ती भरून घासून गुळगुळीत करतात. पात्यातून विजेला जमिनीत उतरण्यासाठी तार असते, ती शाबूत आहे ना, हेही पाहतात. झिजलेला भाग वेळेवर बदलला, की बाकीच्या भागांचे आयुष्य वाढते.

आणि बोल्ट! तुम्हांला वाटेल, एवढ्या प्रचंड यंत्रात बोल्टाची ती काय मातब्बरी? तर ऐका.

जपानमध्येच क्योतो प्रांतात इने नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील ताइकोयामा नावाच्या डोंगरावर २००१ साली पवनचक्क्या सुरू झाल्या. २०१३ च्या मार्च महिन्यात त्यांतील एका चक्कीचे सगळे डोके, पात्यांसकट, मनोऱ्यावरून खाली कोसळले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तपासात काय आढळले? मनोऱ्याच्या माथ्याशी धातू थकून त्याला भेग पडली होती. बोल्ट घट्ट असले, की सगळे मिळून भार उचलतात. एखादा सैल झाला किंवा तुटला, तर त्याच्या वाट्याचा भार शेजाऱ्यांवर आणि मनोऱ्याच्या पोलादावर पडतो. मग ते लवकर थकतात. पुढे २०१७ सालापासून जपानमध्ये मोठ्या पवनचक्क्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करणे कायद्याने बंधनकारक झाले.

ताइकोयामाची हकिगत आठवली, की मला माझी स्वतःची एक चूक आठवते. ती सांगायला मला संकोच वाटतो. पण तुम्हांला सांगणार आहे.

मी या कामात नवा होतो. मला काम शिकवणारे वस्ताद वयाने मोठे होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक युक्ती दाखवली. बोल्टावरचा नट ठरलेल्या जोराने आवळला, की ते रंगाचा कुंचला घेत आणि नटापासून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढत.

''ही रेघ कशाला, वस्ताद?'' मी विचारले.

ते म्हणाले, ''नट जरासा जरी फिरला, तरी ही रेघ तुटेल. अर्धी इकडे, अर्धी तिकडे होईल. आपण नसताना काय घडले, ते ही रेघ आपल्याला सांगते. पण तिचे ऐकायला माणसाने तिच्याजवळ जायला हवे.''

तो मे महिना होता. पावसाळ्यात आपल्या पठारावर वारा सोसाट्याने वाहतो, हे तुम्हांला सांगायला नको. त्याआधी सगळ्या चक्क्यांची तपासणी करायची असते. चक्की थांबवून आम्ही मनोऱ्याच्या आतल्या शिडीने चढलो. वस्ताद अगदी माथ्यावर गेले. मला त्यांनी मधल्या माच्यावर थांबवले. मनोऱ्याचे दोन भाग तेथे जोडलेले होते आणि त्या जोडावर गोलाकार शंभर बोल्ट होते. प्रत्येकाची रेघ विजेरीच्या उजेडात पाहायची, नटाला पाना लावून पाहायचा आणि मग वहीत त्याच्या आकड्यापुढे खूण करायची, असे माझे काम होते.

साठ बोल्ट मी मन लावून पाहिले. तोवर दुपार टळली होती. पोलादाचा मनोरा तापून भट्टीसारखा झाला होता. अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या. हात भरून आले होते. मला वाटले, साठच्या साठ रेघा नीट आहेत, मग उरलेल्याही नीटच असणार! मी वही मांडीवर घेतली आणि उरलेल्या चाळीस आकड्यांपुढे भराभर खुणा करून टाकल्या.

संध्याकाळी वस्तादांनी वही पाहिली. ''शाब्बास!'' ते म्हणाले. चक्की पुन्हा सुरू झाली.

त्या रात्री मला झोप लागेना. बाहेर वारा सुटला होता. डोळे मिटले, की चक्की फिरताना दिसे. साठनंतरचा एकेक बोल्ट डोळ्यांपुढे येई. वस्तादांची ती 'शाब्बास' कानांत टोचत होती. सकाळ होताच मी त्यांच्या घरी गेलो. मान खाली घालून सगळे सांगितले.

ते रागावले नाहीत. त्यांनी कार्यालयात कळवून चक्की थांबवली. आम्ही दोघेही पुन्हा शिडी चढलो. एकसष्टपासून शंभरपर्यंत एकेक बोल्ट पाहिला. सगळ्या रेघा सरळ होत्या. एकही नट हललेला नव्हता.

माझा जीव भांड्यात पडला. ''बरे झाले, वस्ताद! काहीच सैल नव्हते,'' मी म्हणालो.

वस्तादांनी वही माझ्या हातात दिली. ते म्हणाले, ''बोल्ट पक्के होते, पोरा. पण तुझ्या चाळीस खुणा सैल होत्या. उद्या त्या खुणांवर भरवसा ठेवून एखादा माणूस ही शिडी चढला असता.''

मी त्या चाळीस खुणा खोडल्या. प्रत्येक आकड्यापुढे त्या दिवसाची तारीख घालून नव्याने खूण केली. आजही ती वही मी विसरलेलो नाही.

मुलांनो, त्या वहीचे महत्त्व मला पुढे आणखी कळले. चक्कीची वीस वर्षे पुरी झाली, की तंत्रज्ञ तिच्याविषयीच्या सगळ्या नोंदी काढून पाहतात. तिने किती वादळे सोसली? तिचे कोणते भाग बदलले? कोणत्या बोल्टांनी त्रास दिला? एखाद्या ठिकाणचा वारा आधी धरलेल्या हिशोबापेक्षा सौम्य असेल, तर चक्कीचा धातू कमी थकलेला असतो. मग दुरुस्ती करून तिला आणखी काही वर्षे चालवता येते. पण हे ठरवायचे कशावरून? त्या वहीवरून आणि प्रत्यक्ष तपासणीवरून. वहीत खोटे लिहिलेले असेल, तर सगळाच हिशोब खोटा!

कधी कधी तपासणीत असेही दिसते, की चक्की आता खरोखरच थकली आहे. अशा वेळी तिला चालवण्याचा हट्ट धरू नये. तिला वेळेवर थांबवून सुरक्षितपणे उतरवणे हीदेखील तिची काळजी घेणेच आहे. त्याच जागी नवी, मोठी चक्की उभी केली, तर तेवढ्याच वाऱ्यातून जास्त वीज मिळू शकते. आपल्या देशातही जुन्या चक्क्या पुष्कळ झाल्या आहेत. जुन्याच्या जागी नवी उभारायची, की जुनीच सुधारून तिचे आयुष्य वाढवायचे, या दोन्ही वाटांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली धोरण जाहीर केले. कोणती वाट धरायची, हे प्रत्येक चक्कीकडे नीट पाहूनच ठरवावे लागते.

तोक्योमध्ये दरवर्षी ८ फेब्रुवारीला एक सुंदर सण असतो. वर्षभर शिवणकाम करताना मोडलेल्या सुया लोक देवळात घेऊन येतात. सोयाबीनच्या दुधापासून केलेली, पनीरसारखी मऊ वडी तेथे ठेवलेली असते. तिच्यात ते त्या सुया हळूच खोचतात. जन्मभर जाड कापडातून जाणाऱ्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी आणि तिचे आभार मानावेत, अशी त्यामागची भावना आहे. हे ऐकले तेव्हा मला आपली खंडेनवमी आठवली. त्या दिवशी आपणही कोयता, करवत, पाना, हातोडी अशी सगळी हत्यारे पुसतो आणि त्यांची पूजा करतो. माझ्या पान्यालाही मी त्या दिवशी फूल वाहतो. पण वस्ताद म्हणत, फूल एक दिवस वाहावे. पुसावे मात्र रोज.

तुमच्याजवळ पवनचक्की नसेल. पण सायकल असेल, छत्री असेल, दप्तर असेल. शाळेत पाण्याची टाकी आहे, नळ आहेत. तीही तुमचीच यंत्रे आहेत. सायकलची साखळी कधी पुसली होती? दप्तराची शिवण कोठे उसवली आहे? नळाचा थेंब कधीपासून गळतो आहे? जवळ जाऊन पाहा. त्या वस्तूही तुम्हांला काहीतरी सांगत असतील.

मघाशी मी तुमच्या वर्गात आलो, तेव्हा दार केवढ्याने कुरकुरले! तुम्ही सगळे हसलात. तुम्हांला त्या आवाजाची सवय झाली आहे. मला मात्र तो ऐकून वाटले, बिजागरी काहीतरी मागते आहे. माझ्या पिशवीत तेलाची लहान बाटली आहे. भाषण येथेच पुरे करू.

चला, माझ्याबरोबर दाराशी कोण कोण येणार?